पाठीवरचा वारा

स्वप्निलच्या खांद्यावर शाल टाकली तेव्हा सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. पायलनेही वाजवल्या, पण दोन-तीनदाच. तिच्या तळहातांवर नुकतीच नवी कातडी आली होती आणि टाळी वाजवली की ती चरचरत होती.

मंचावर फलक होता, ‘सागरवीर दांपत्याचा सत्कार’. दांपत्यातल्या बाईला पुष्पगुच्छ आणि पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली होती, माइक नवऱ्याला. स्वप्निल तायडे वीज वितरणात कनिष्ठ अभियंता होता. चार माणसांत उभं राहिलं की एरवी त्याची जीभ जड व्हायची. आज मात्र तो मोकळा सुटला होता.

“समुद्र एकदम शांत होता. ताटासारखा. आम्ही थोडंच पुढे गेलो असू, आणि अचानक वारा सुटला. पापणी लवते न लवते तोच लाटा उसळायला लागल्या. पण आम्ही धीर सोडला नाही.”

पुन्हा टाळ्या. सासूबाई, दुर्गाबाई, पदराने डोळे पुसत होत्या. लेक-सून वाचले म्हणून त्यांनी विहारात परित्राणपाठ ठेवला होता, आणि तिथेही स्वप्निलने हीच गोष्ट सांगितली होती. तेव्हा लाटा एवढ्या उंच नव्हत्या.

धीर सोडला नाही हे खोटं होतं, पण त्याचं तिला काही नव्हतं. त्या पाण्यात तीही रडली होती. तिला टोचत होता तो एक शब्द. अचानक.

मग साहस मंडळाचा अध्यक्ष मनोज राऊत उठला. चाळिशीचा, दणकट, ट्रेकिंगच्या बुटांचं आणि तंबूंचं दुकान चालवणारा. अकोल्यातल्या निम्म्या पोरांना त्यानेच गड दाखवले होते.

“समुद्रानं आपल्या वाघांची परीक्षा घेतली, आणि आपले वाघ पास झाले!” तो गरजला. “आता ऐका. महिनाअखेरीला दुसरी मोहीम. तोच किनारा, तोच किल्ला. आणि या वेळी खास मुलींसाठी! कोण कोण येणार?”

हात वर गेले. खुशी तर खुर्चीवरून उभीच राहिली. ती पायलच्या घरासमोरच्या ओमप्रकाशकाकांची मुलगी, फुलांचं दुकान होतं त्यांचं, ती बी.एस्सी.ला होती. तिने मागे वळून पायलकडे बघितलं आणि हसली. तुमच्यामुळेच येतेय मी, असं ते हसू होतं.

पायलने पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला आणि ती हॉलबाहेर निघून गेली.

जे झालं होतं ते असं.

जानेवारीत मंडळाची बस कोकणात गेली होती. एका खाडीच्या तोंडाशी छोटासा किनारा, मागे टेकडी, टेकडीवर माड, आणि समोर पाण्यात एक पडका किल्ला. सकाळी कयाकमधून किल्ल्यापर्यंत जायचं, परत यायचं, जेवायचं आणि बस पकडायची, असा कार्यक्रम. कयाक म्हणजे प्लास्टिकच्या लांबट होड्या, वर बसायचं आणि दोन्हीकडून पातं असलेल्या वल्ह्याने पाणी मागे लोटायचं. किनाऱ्यावर एक बाई त्या भाड्याने देत असे.

पायल मूळची अमरावतीची. वडाळी तलावाच्या आसपास लहानपण गेलेलं, पोहण्यात राज्यापर्यंत खेळलेली, आता अकोल्यात एका शाळेत क्रीडाशिक्षिका. पाण्याचं तिला भय नव्हतं. त्यामुळे ती आणि स्वप्निल दोघांच्या होडीत बसून सगळ्यांच्या पुढे निघाले.

किनाऱ्याजवळ पाणी इतकं गुळगुळीत होतं की माडांची सावली त्यात दिसत होती. वारा पाठीमागून येत होता, गार, हलका. वल्हं थांबवलं तरी होडी सरकत होती.

“पाह्य, काही जोरच लावा लागत नाही,” स्वप्निल म्हणाला होता. “उगाच भेवाडत होते सारे.”

टेकडीचा आडोसा संपला तसा वारा वाढला, पण तो पाठीवरच होता, म्हणून कळलं नाही. त्यात ओहोटी लागलेली. खाडीतलं सगळं पाणी समुद्राकडे निघालेलं. मागच्या होड्या किनाऱ्याजवळच रेंगाळल्या होत्या. पायलने मान वळवून बघितलं तेव्हा त्यांची बस काड्यापेटीएवढी दिसत होती, आणि किल्ला उजवीकडे भलतीकडेच राहून गेला होता.

“वळव,” ती म्हणाली.

होडी वळेना. आडवी झाली की वारा तिचं नाक पुन्हा समुद्राकडे ढकली. कसंबसं वळून त्यांनी वल्हवायला सुरुवात केली, आणि वारा तोंडावर आला तेव्हा पहिल्यांदा त्याचा जोर कळला. आता लाटांचे शेंडे पांढरे होते. दोघं जीव खाऊन वल्हवत होते आणि किनारा दूरच जात होता. तळहातावरचे फोड फुटले. मग एका आखूड, उभ्या लाटेने होडी उलटली. स्वप्निलच्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटकं होतं. जॅकेट त्याच्या कानांपर्यंत वर आलं आणि तो खाली राहिला. पायलने त्याची कॉलर धरून त्याला होडीशी आणलं. ते चढले, पुन्हा पडले, पुन्हा चढले. शिट्टी नव्हती. फोन बसमध्ये होते. शेवटी ते फक्त होडीला धरून राहिले, आणि स्वप्निल “आई, आई” करत होता.

मासेमारीहून परतणाऱ्या एका बोटीने त्यांना उचललं. बोट चालवणारा एक म्हातारा तांडेल होता. त्याने पाणी दिलं, अंगावर घोंगडं टाकलं. मग विचारलं, “खंय चललास? अरबस्तानाक?”

आणि मग तो आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, “मतलई सुटलेली असताना ह्येंका भायर कोणी सोडल्यान?”

मतलई. पायलला तो शब्द ओळखीचा वाटला, पण कुठला ते तेव्हा आठवेना. किनाऱ्यावर मनोजने दोघांना मिठी मारली आणि बाजूला उभ्या असलेल्याला फोटो काढायला सांगितलं.

सत्काराहून घरी आल्यावर स्वप्निलने स्मृतिचिन्ह बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर ठेवलं. पायल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“ते तिथून काढ,” ती म्हणाली.

“काहून?”

“काढ म्हणलं ना.”

“तुले झालं तरी काय? लोकं एवढ्या प्रेमानं करून राहिले, अन् तू मधातूनच उठून चालली गेलीस. मनोजभाऊ विचारत होते, वहिनी नाराज आहेत काय म्हणून.”

“वारा अचानक कुठून सुटला, स्वप्निल? सांग ना मले. आपण पहिलं वल्हं मारलं तवा तो पाठीवर होता का नव्हता?”

“असंन. मी काय वारा मोजत बसलो होतो?”

“होता. पहिल्यापासून होता. आपल्याले तोच ढकलून राहिला होता अन् आपण म्हणत होतो काय सोपं आहे! अचानक काहीच नाई झालं.” तिचा आवाज चढला. “तू त्या मंचावर उभा राहून खोटं सांगतं, अन् ते ऐकून त्या पोट्ट्या तिथं जाऊन राहिल्या. खुशी जाऊन राहिली!”

दुर्गाबाई आतून बाहेर आल्या. “काय व, एवढ्या जोरानं काहून बोलतं? पोरगं मरणाच्या दारातून आलं.”

“आई, मी पण त्याच दारातून आली.”

स्वप्निलने स्मृतिचिन्ह उचललं, हातात धरलं आणि खाटेवर बसला. बराच वेळ तो त्यावरची अक्षरं बोटाने पुसत होता.

“पायल,” तो म्हणाला, “एक गोष्ट सांगतो. चिडू नको.”

“बोल.”

“त्या होड्यावाल्या बाईनं सांगतलं होतं. आपण निघायच्या आधी. मी मनोजभाऊजवळच उभा होतो. ती म्हणे, आज वारा जमिनीवरून भायेर जाऊन राहिला, ओहोटी पण आहे, खाडीच्या आतच फिरा, किल्ल्याकडे दुपारी पाहू. मनोजभाऊ हसले. म्हणे, हे लोकं उगाच भेव दाखवतात. दुपारी बस आहे आपली.”



“तू ऐकलं होतं?”

“हो.”

“अन् होडीत बसल्यावर मले नाई सांगतलं?”

“मले वाटलं, भाऊ म्हणते तं... इतके वर्षं त्यायनं नेलं आपल्याले सगळीकडे. अन् पाणी किती शांत होतं, तू पण पाह्यलं ना.”

ती पुढे झाली तेव्हा दुर्गाबाईंना वाटलं, ही आता मारते. तिने मारलं नाही. स्मृतिचिन्ह त्याच्या हातातून घेतलं, मागच्या अंगणात गेली आणि धुणं धुवायच्या दगडावर ते आपटलं. काच होती. फुटली. मग ती तिथेच बसून तुकडे वेचू लागली, कारण सकाळी दुर्गाबाई अनवाणी तिथे येत.

मनोजच्या दुकानात ती दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेली. त्याने चहा मागवला.

“वहिनी, समुद्र आहे तो. तिथं काहीही होऊ शकते. आपण निसर्गाशी भांडू शकत नाही.”

“निसर्गाशी नाही भांडत मी. तुमच्याशी भांडायले आली. त्या बाईनं तुम्हाले सांगतलं होतं का नव्हतं?”

मनोजचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. “स्वप्निलनं सांगतलं वाटते.”

“होय का नाही?”

“अहो, ते लोकं रोजच काही ना काही सांगतात. त्यायचं ऐकलं तर माणूस घराच्या भायेर निघणार नाही. अन् शेवटी तुम्ही वाचलेच ना?” त्याने चहाचा कप तिच्याकडे सरकवला. “आता एवढ्या मुली तयार झाल्या. त्यायचे मायबाप तयार झाले. तुम्ही गावभर असं बोलत फिराल तर पोरी घरातच बसतीन, अन् लोकं म्हणतीन, बाईच्या जातीले काय करायचं समुद्रात. तुम्ही स्वतः खेळाडू. तुमच्याकून हे बरं दिसते काय?”

हे शेवटचं तिला सगळ्यात जास्त लागलं. ती चहा न घेता उठली.

रागाच्या भरात तिने दोन-तीन दिवस फक्त भांडणंच केली. शाळेत वरिष्ठांशी, घरी भाजीवरून. मग तिने आकांक्षाला फोन लावला. आकांक्षा अमरावतीला तिच्याबरोबर पोहायची, तिच्याहून लहान. आता ती कोकणातच एका किनाऱ्यावर लोकांना कयाक शिकवत होती. पायलने तिला सगळं सांगितलं. पलीकडून आधी एक शिवी आली, मग, “ताई, तू ये इकडे. मी दाखवते.”

शाळेला सुट्टी टाकून पायल एकटीच गेली. दुर्गाबाई म्हणाल्या, “पुन्हा पाण्यात?” ती म्हणाली, “हो, आई. पुन्हा.”

पहिल्या दिवशी आकांक्षाने तिला होडीला हातही लावू दिला नाही. टेकडीवर नेऊन बसवलं. “किनाऱ्याजवळचं पाणी पाहू नको,” ती म्हणाली. “ते खोटं बोलते. वारा जमिनीवरून येतो तेव्हा जवळ लाट उठायले जागाच नसते, अन् टेकडी आडोसा करते. तिकडे दूर पाह्य. काळे पट्टे दिसतात? तिथं वारा पाण्यावर उतरून राहिला. त्याच्या पुढं पांढरं दिसते, ते फुटलेले शेंडे. म्हणजे तिथं तुले परत फिरता येणार नाही.”

माडांच्या झावळ्या सगळ्या समुद्राच्या बाजूला वळलेल्या होत्या. मासेमारीच्या बोटींवरचे झेंडेही. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटेपासून वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. ऊन तापलं की तो मंदावतो, थांबतो, आणि दुपारी उलटा, समुद्रावरून जमिनीकडे येतो. खारे वारे आणि मतलई वारे. तेव्हा पायलला आठवलं, तिने तो शब्द कुठे वाचला होता. शाळेत. भूगोलाच्या पेपरला तिने पर्यवेक्षण केलं होतं आणि पोरांनी बाण काढून दाखवले होते, दिवसाचा असा, रात्रीचा तसा.

तिला तिथे टेकडीवर बसल्या बसल्या एवढा संताप आला की तिने मुठीत माती धरली. काही तरी मोठं, गहन, न कळणारं असतं तर तिने मानलं असतं. पण हे तर पोरं पाठ करतात. झावळ्या बघायच्या, झेंडे बघायचे, भरती-ओहोटी विचारायची, आधी वाऱ्याच्या विरुद्ध निघायचं म्हणजे दमलेल्या हातांनी परत येताना तो घरी आणून सोडतो. आणि तिथे राहणारं माणूस नाही म्हणालं तर नाही. एवढंच. एवढ्यासाठी तिचा नवरा कानापर्यंतच्या जॅकेटमध्ये आईला हाका मारत होता.

पुढचे दिवस ती आकांक्षाबरोबर पाण्यात होती. उलटलेली होडी सरळ करायला शिकली, दुसऱ्याची दोरीने ओढायला शिकली, आणि वाऱ्याला तिरपं जाऊन टेकडीचा आडोसा कसा गाठायचा तेही. समोरून वारा असताना तिने एकदा मुद्दाम आकांक्षाला मदतीला येऊ दिलं नाही आणि हात थरथरेपर्यंत वल्हवलं. त्या वेळी तिला मनोजचा चहाचा कप दिसत होता.

मोहिमेआधी मंडळाने सरावाचा दिवस ठेवला होता, हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका धरणावर. मुली आल्या, काहींचे आईबाप आले. ओमप्रकाशकाका खुशीला घेऊन आले होते. त्यांनी सगळ्यांसाठी घरून केळी आणली होती. स्वप्निल आला होता, पण पायलपासून जरा लांब उभा होता. घरात दोघं आठवडाभर कामापुरतंच बोलत होते.

डोंगराच्या कुशीतल्या काठाजवळ पाणी निवांत होतं. पण दऱ्यांतून सकाळचा गार वारा उतरत होता आणि त्यांच्या डोक्यावरून पाण्याकडे चालला होता. पायलने दूर पाहिलं. धरणाच्या मधोमध काळे पट्टे होते, आणि त्यांच्या पुढे, बुडालेल्या रानातलं एक वाळकं झाड उभं होतं, तिथे पांढरं दिसत होतं.

मच्छीमार संस्थेच्या मोटारबोटीवर श्रावणभाऊ म्हणून एक जण होते. पायल आधी त्यांच्याकडे गेली. “इंजिन चालू ठेवा भाऊ. अन् माझ्याकडे लक्ष ठेवा, हात वर केला की निघा.”

मग ती मनोजसमोर जाऊन उभी राहिली, सगळ्यांच्या देखत.

“मनोजभाऊ, आज वारा काठावरून आत जाऊन राहिला. या पोरींना डोंगराच्या आडोशाच्या पुढं नेऊ नका. तिथून परत येता येणार नाही.”

मनोज हसला. त्या होड्यावाल्या बाईसमोरही अगदी असाच हसला असेल, तिच्या मनात आलं. “वहिनी, हे धरण आहे. समुद्र थोडीच आहे.”

“मग तुम्ही जाऊन दाखवा. त्या वाळक्या झाडापर्यंत जा अन् परत या. मी सांगून राहिली, येता येणार नाही. सगळ्यांच्या पुढं सांगून राहिली. तुम्ही आले परत, तं मी माफी मागतो अन् स्वतः या पोरींच्या संग येतो.”

मुलींच्यात खसखस पिकली. मनोजने टोपी उलटी फिरवली. पायलने स्वतःचं जॅकेट काढून त्याला घातलं, बक्कलं स्वतः लावली, ओढून बघितली. गळ्यात शिट्टी अडकवली. त्याला ते सगळं नाटक वाटलं.

तो झपाट्याने गेला. पोरी टाळ्या वाजवत होत्या. झाडाशी पोचला, वल्हं वर करून दाखवलं. आणि वळला.

आधी काठावरच्या लोकांना कळलंच नाही. ते गप्पा मारत होते. मग हळूहळू गप्पा थांबल्या. मनोज वल्हवत होता, पाणी उडत होतं, आणि झाड त्याच्या मागे जायचं तर त्याच्या पुढे गेलं. म्हणजे तो मागे जात होता.

“काय होऊन राहिलं त्याले?” ओमप्रकाशकाकांनी विचारलं.

“आम्हाले झालं होतं ते,” पायल म्हणाली.

श्रावणभाऊंनी बोटीवरून विचारलं, “आणू का, ताई?”

“थांबा.”

मनोजने एकदा हात वर केला. शिट्टीचा बारीक आवाज वाऱ्यात विरत आला.

“ताई, आणतो मी.”

“थांबा म्हणलं ना.”

स्वप्निल धावत तिच्याजवळ आला. “पायल, बस झालं. पाह्यलं सगळ्यायनं. पाठव बोट.”

“आपल्याकडे कोण पाठवत होतं?” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. तिला आणखी हवं होतं. त्याचे फोड फुटलेले हवे होते, त्याने आईला हाक मारलेली हवी होती. हे तिला स्वतःला स्पष्ट कळत होतं आणि तरी तिचा हात वर होत नव्हता.

मग होडी आडवी झाली आणि उलटली.

पायल पळाली. पाण्यात उतरून बोटीवर चढली आणि श्रावणभाऊंच्या आधी तिनेच ओरडून दिशा सांगितली. तेवढ्या वेळात तिच्या अंगात राग नावालाही उरला नव्हता. मनोज जॅकेटमुळे वर तरंगत होता, उलट्या होडीला कवटाळून. तिने त्याला पट्ट्याला धरून वर ओढलं तेव्हा तो थडथडत होता. काठावर पाय लागल्यावर तो ओरडला.

“मले मारायले निघाली होती ही! पाहत होती उभी राहून! तुम्ही सगळ्यायनं पाह्यलं!”

“हो, उभी होती,” पायल म्हणाली. “उशीर केला मी, मुद्दाम केला. पण बोट होती, जॅकेट होतं, शिट्टी होती. अन् तुम्हाले आधी सांगतलं होतं. आम्हाले यातलं काय होतं?”

“समुद्रात अचानक...” मनोजने सुरुवात केली.

“अचानक नव्हतं.”

हे स्वप्निल म्हणाला होता. सगळे त्याच्याकडे वळले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि जीभ पुन्हा नेहमीसारखी जड झाली होती.

“मी... मी जे सांगत फिरलो ते खोटं आहे. त्या होड्यावाल्या बाईनं आमाले नको म्हणलं होतं. मनोजभाऊनं ऐकलं, मी पण ऐकलं. आमी नाई मानलं. अन् हिले... हिले मी सांगतलंच नाही.” तो थांबला. “मी लय भेलो होतो तिथं. हिनं मले धरून ठेवलं.”

एका मुलीच्या वडिलांनी तिचा हात धरला आणि ते गाडीकडे चालू लागले. मग दुसरे. मनोज ओल्या कपड्यांत त्यांच्या मागे गेला, समजावत, हातवारे करत. खुशी जागच्या जागी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मनोजसाठी नव्हतं.

“म्हणजे जायचंच नाई?” तिने पायलला विचारलं. “झालं? आता माझे बाबा मले कुठीच पाठवणार नाई. तुमी तर जाऊन आल्या!”

मोहीम रद्द झाली. मनोजने मंडळातून स्वप्निलचं नाव काढलं आणि गावात जमेल तिथे सांगितलं, की त्या बाईचं डोकं फिरलं आहे. काही लोकांनी ते मानलं. पायलने त्याच्याविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला. तो अजून तसाच पडून आहे. घरात ती आणि स्वप्निल पुन्हा बोलू लागले, पण पूर्वीसारखं नाही. एकदा त्याने विचारलं, “अजून राग आहे?” ती म्हणाली, “हो.” तो बरं म्हणाला आणि कांदे चिरू लागला.

खुशीचं बोलणं मात्र तिच्या मनातून जाईना. एके संध्याकाळी ती ओमप्रकाशकाकांच्या दुकानात गेली. ते शेवंतीचे हार करत होते.

“काका, खुशीले माझ्या संग पाठवाल काय? कोकणात. माझी मैत्रीण आहे तिथं, शिकवते. चार-पाच पोरींनाच नेतो.”

काकांनी दोऱ्याला गाठ मारली. “तुमचाच भरवसा आहे आता. पण वारा आला तं?”

“वारा तं असतेच, काका. कोणता आहे ते पाहून ठरवू. ज्या दिवशी नाही म्हणलं त्या दिवशी कोणी पाण्यात जाणार नाही.”

मार्चच्या सुरुवातीला ती पाच मुलींना घेऊन गेली. पहिल्या सकाळी मुली अंधार असतानाच उठून तयार झाल्या, जॅकेटं घालून किनाऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. पाणी तुळतुळीत होतं. सूर्य वर येत होता. पायल आणि आकांक्षा टेकडीवर जाऊन आल्या आणि पायल म्हणाली, “नाही. आता नाही.”

“काहून?” खुशी म्हणाली. “किती छान आहे पाणी!”

“भायेर वारा आहे. अन् आज तो लवकर पडत नाही.”

“खाडीत तरी जाऊ दे ना!”

“खाडीत ओहोटीची ओढ आहे. दुपारी पाहू.”

दुपारी खारा वारा इतका जोराचा आला की किनाऱ्यावर लाटा आपटू लागल्या, आणि पायल पुन्हा नाही म्हणाली. पूर्ण दिवस गेला. एवढ्या लांबून येऊन मुली वाळूत बसून राहिल्या. कुणी पायलशी बोलेना. खुशीने जॅकेट काढून तिच्या पायाशी टाकलं.

“तुमाले स्वतःलेच भेव वाटते,” ती म्हणाली. “म्हणून आमाले जाऊ देत नाई. सरळ सांगा ना.”

पायलने जॅकेट उचललं, वाळू झटकली. भेव वाटत होतं, हे खरं होतं. तिने तसं सांगितलं, आणि निर्णय बदलला नाही. खुशी पाय आपटत खोलीकडे निघून गेली. जेवतानाही ती तिच्या समोर बसली नाही, तोंड फिरवून आकांक्षाच्या पलीकडे बसली, आणि पायलने तिला तसं बसू दिलं.